दादाचा तक्ता

ता. ९ जुलै

ती. दादास,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. तुझ्या तब्येतीबद्दल तू नेहमीप्रमाणे एक अक्षर लिहिलेलं नाहीस, म्हणजे ठणठणीत असशील असं धरून चालते.

बातमी अशी की मी पुन्हा शाळेत नाव घातलंय. हस, पण एकदाच. एक्स-रे आणि किरणोपचार खात्यांत नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी विद्यापीठाने दोन वर्षांची पदवी काढली आहे. नोकरी सोडायची नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉम्प्युटरवर तास, महिन्यातून एक शनिवार तिकडे जाऊन बसायचं आणि शेवटी आपल्याच खात्यातला एक प्रश्न घेऊन प्रबंध लिहायचा. वर्गात आम्ही सव्वीस जण आहोत. एक किरणोपचारवाले गृहस्थ माझ्याहून दोन वर्षांनी मोठे निघाले, त्यामुळे माझी अठ्ठेचाळीस वर्षं त्यांच्या आड लपून जातात.

ही हौस नाही, हे तुला सांगायला नको. हॉस्पिटलने नियम केलाय की यापुढे पदवी नसेल तर खात्याचं प्रमुखपद नाही. तुझ्यानंतर जे प्रमुख आले ते बरोबर दोन वर्षांनी, जूनमध्ये निवृत्त होतील. तू चौदा वर्षं ज्या खुर्चीवर बसलास त्या खुर्चीवर मी बसेन, असं सगळे धरून चालले होते आणि मीही. आता खात्यात एक पदवीवालीही आहे. नोकरीला चार वर्षं झाली तिला. प्लेट कशी सरकवायची, रडणारं मूल कसं धरायचं, हे तिला मीच शिकवलं. मुलगी चांगली आहे, कामाला चोख आहे, त्यामुळे तिचा राग करायचीसुद्धा सोय नाही.

आमचे हे म्हणतात की पिकल्या केसांवर पदवीची टोपी शोभून दिसेल. लेकीने माझ्यासाठी वेगवेगळ्या रंगांची चार पेनं आणली. तू काय म्हणतोस ते पत्रानेच कळव. फोनवर तू नुसता हो-हो म्हणतोस आणि ठेवून देतोस.

लोभ आहे तेवढा ठेव, मार्क मी बघून घेते.

तुझी,
ठकी

•

ता. २१ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

एकदा हसलो. वहिनी दोनदा हसली, तिच्यावर तुझी अट लागू नव्हती.

नाव घातलंस ते उत्तम केलंस. मी आयुष्यभर म्हणत आलो की हाडं पुस्तकात नसतात, टेबलावर झोपलेली असतात. पण नियम करणारे लोक टेबलावर क्वचितच झोपतात. तेव्हा पदवी घे आणि खुर्चीवर बस. एक सूचना, खुर्चीच्या डाव्या हाताचा स्क्रू ढिला आहे, तिथे कोपर टेकू नकोस.

अभ्यासाचं म्हणशील तर पाठांतर करू नकोस. आपल्याला कामातलं सगळं येत असतं, फक्त त्याची नावं येत नाहीत. किरण विखुरतात हे तू वीस वर्षं पाहतेस. आता विखुरण्याला कुणाचं नाव दिलंय तेवढं शिकायचं. बाकी तू हुशार होतीसच, आळशीही होतीस. हुशारी टिकली असेल अशी आशा आहे.

आणखी एक, सहज विचारतो. मशीनच्या कन्सोलशेजारी मी लावलेला, कुणाला किती किरण द्यायचे त्या आकड्यांचा तक्ता अजून आहे का? कागद पिवळा पडला असेल. जुन्या गोष्टी भिंतीवर ठेवून काय उपयोग, काढून टाकायला सांग कुणाला तरी.

इकडे सगळं ठीक. सकाळी फिरतो, दुपारी पेपर वाचतो, संध्याकाळी तोच पेपर वहिनीला समजावून सांगतो. घरातल्या सर्वांना आशीर्वाद, आणि तुझी माया आमच्यावर राहू दे.

तुझा,
दादा

•

ता. ४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक वर्ष संपलं आणि दुसरं लागलं. पहिल्या वर्षाला वर्गात सातवी आले. किरणोपचारवाले काका सहावे, त्यामुळे वय आड येतं असं म्हणायची सोय राहिली नाही. रोज सकाळी भाजी चिरताना ओट्याच्या फळीवर वही उघडी असते. परवा ह्यांनी वहीतल्या आकृतीवर आमटीचा थेंब पाडला आणि वर विचारलं की ही कुठल्या अवयवाची गाठ.

तू म्हणाला होतास तसंच आहे, आपल्याला फक्त नावं येत नव्हती. पण एक गोष्ट खरोखर नवी कळली, आणि माझा प्रबंध त्यावरच आहे. तुझी बहुतेक नोकरी फिल्मवर गेली. किरण जास्त पडले की फिल्म काळी व्हायची, डॉक्टर ओरडायचे आणि चूक उघड्यावर यायची. आता डिजिटल मशीन आहे. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार होतं आणि सगळे बोंबलतात. जास्त पडले तर मशीन गुपचूप सावरून घेतं, चित्र छानच येतं आणि कुणीच काही म्हणत नाही. मग जगभरच्या खात्यांत आकडे हळूहळू वर सरकतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, दर वेळी थोडं वरच असू दे म्हणत म्हणत ते होतं. आपल्या खात्यात असं झालंय का, हे मी तपासणार आहे. मशीन प्रत्येक फोटोशेजारी किती किरण पोचले त्याचा एक आकडा दाखवतं. आम्ही आजवर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

तुझा तक्ता आहे. काढते कशाला, आम्ही त्याला प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय. खाली तुझी सही आणि तारीख अजून ठसठशीत आहे. नवीन माणूस आला की आधी त्याला तक्त्यासमोर उभा करतात. तुझ्या शेवटच्या वर्षांत हे डिजिटल मशीन आलं तेव्हा तू ते आकडे कसे ठरवलेस ते मला सविस्तर लिहून पाठव, प्रबंधात एक पान तेवढं होईल. बारीक, मध्यम, जाड आणि मुलं वयाप्रमाणे, असे चार रकाने तू पाडलेस, त्यामागचा हिशेब काय होता?

वहिनीला नमस्कार. अशीच आठवण काढत राहा.

तुझी,
ठकी

•

ता. १९ सप्टेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

सातवी आलीस हे वाचून आनंद झाला. पेढे उधार.

प्रबंधाचा विषय मला फारसा पटला नाही. आकड्यांचा विषय रुक्ष, परीक्षकाला झोप येईल. त्यापेक्षा पेशंटला किती वेळ ताटकळावं लागतं यावर लिही. ते मोजायला सोपं, आणि वरचे लोकही खूश होतील. नाहीतर शिशाच्या एप्रनना चिरा किती पडतात यावर लिही. आपल्या मागच्या कपाटातला हिरवा एप्रन तर चाळणी आहे.

आकडे कसे ठरवले ते आता आठवत नाही. मशीन बसवणारे दोन दिवसांत गेले, मी बघून बघून ठरवले. त्यात हिशेब कसला. डोळ्यांना बरं दिसेल ते लिहिलं.

विषय बदलता येत असेल तर बदल. अजून वेळ आहे.

दादा

•

ता. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विषय बदलला नाही. तू माझा मास्तर, आणि तुझी आज्ञा मोडायची सवयही मला तूच लावलीस.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं, आता तिसऱ्यांदा सरळ लिहिते. चार महिन्यांतले दोन हजार एकशे चाळीस फोटो तपासले. मशीनच्या कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेच्या वर किरण पडलेले दहात सात निघाले. पाच वर्षांखालच्या मुलांच्या छातीच्या फोटोत तर हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट. आधी मला मशीनचा राग आला, मग वाटलं आपल्याच लोकांचा हात जड आहे. म्हणून पदवीवालीला घेऊन रविवारी प्रयोग केला. माणसाच्या जागी पाण्याने भरलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा ठेवला, खाली हाडासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि आकडे एकेक पायरी खाली आणत गेलो. मग सगळी चित्रं नंबर न दाखवता रिपोर्टवाल्या डॉक्टरांपुढे टाकली. तीन पायऱ्या खालच्या चित्रापर्यंत त्यांना काही फरक सांगता आला नाही. चौथीला ते म्हणाले की आता जरा वाळू दिसते.

मशीन ठीक आहे दादा. माणसंही नेमून दिल्याप्रमाणे वागतात. सगळे तक्ता पाहून आकडे लावतात. मीही अकरा वर्षं तेच केलं. तक्ताच वर आहे.

एका फोटोने कुणाला काही होत नाही, हे तुला मी सांगायचं म्हणजे काय. पण जी मुलं महिन्या-दोन महिन्यांनी खोकत परत येतात, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांना ते जादा किरण मिळायचं कारण नव्हतं.

प्रबंध पंधरा एप्रिलला द्यायचा, निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रमुखपदाची मुलाखत जूनअखेर. सगळं घड्याळाच्या काट्यावर आहे. मार्गदर्शक बाईंना तक्त्याचा फोटो हवा आणि आकडे वर का गेले त्याचं कारण हवं. तुला विचारल्याशिवाय मी दोन्ही देणार नाही. तुझ्या नावाला तिथे अजून मान आहे, तो माझ्या हातून कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण खोटंही लिहवणार नाही. तेव्हा काय ते कळव. रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
ठकी

•

ता. २८ मार्च

चि. सौ. वन्सं,
अनेक आशीर्वाद, विनंती विशेष.

हे पत्र मी लिहिते आहे हे तुझ्या दादांना माहीत नाही. ते फिरायला गेलेत. तुला वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम म्हटलं. बाकी पत्रात हसण्यासारखं काही नाही.

जानेवारीत तुझं पत्र आलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पेपरच्या रद्दीखाली ठेवलं. मी रद्दी दिली नाही अजून. तेव्हापासून घरात बोलणं असं नाही. जेवायला वाढलं की जेवतात, आणि मीठ विसरले तरी सांगत नाहीत. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

तू त्यांना कारण विचारलंस. ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. सारा जन्म किरणांजवळ काढला, त्याचा असेल किंवा वयाचा असेल, डॉक्टरांनी काही खात्रीने सांगितलं नाही. चहा ओतताना कपाबाहेर जायचा. हॉस्पिटलच्या पायऱ्या ते मोजून चढायचे, बावीस. मी किती वेळा म्हटलं ऑपरेशन करून घ्या. ते म्हणायचे की कळलं तर मला मशीनवरून उठवून नावं नोंदवायच्या खिडकीत बसवतील. तुमच्याकडे दरवर्षी तपासणी असते ना, ती रक्ताची आणि किरण मोजणाऱ्या छातीवरच्या बिल्ल्याची. डोळे कुणी बघतच नाही. त्यामुळे निभावलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही तीन महिने मुलीकडे राहिलो म्हणून तुला सांगितलं होतं. ते उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा अजून तसाच आहे. विषय काढला की एक पुरे म्हणतात.

तू मोठी शिकलेली, तुला जे खरं ते लिहायला हवं, हे मला कळतं. पण तुमच्या त्या खोलीत कुणी त्यांना हसेल, हे मला सहन होणार नाही. एवढंच सांगायचं होतं. तिकीट लावायला त्यांच्याच टेबलाच्या खणातून घेतलंय, एक कमी झाल्याचं त्यांना कळायच्या आत टपालात टाकते.

माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
वहिनी

•

ता. १६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रबंध काल दिला. चौऱ्याऐंशी पानं, निळं कव्हर. बांधणाऱ्याने माझ्या आडनावात चूक केली होती, ती बसून दुरुस्त करून घेतली.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून माझ्यापुरता मार्ग काढला. आकडे सगळे दिले आहेत. तक्त्याचा फोटो आहे, पण सहीवर कागदाची पट्टी लावून घेतलाय. आकडे वर का ठरले, या प्रश्नापुढे निश्चित कारण समजू शकले नाही असं लिहिलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या की हे जरा लंगडं वाटतं, पण पास व्हायला पुरेल. मुलाखतीचं पत्र आलंय. पदवीवालीलाही आलंय.

तेव्हा तू निश्चिंत राहा. बाहेर ऊन फार आहे, फिरायला सकाळी लवकर जात जा. वहिनीला नमस्कार.

कळावे,
ठकी

•

ता. २४ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीने तुला पत्र लिहिलं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. खणात तिकिटं सात होती, सहा राहिली. मी काही बोललो नाही. न बोलणं मला आता चांगलं जमतं.

तुझ्या पत्रातला निश्चिंत हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. डोळ्यांचं तिने सांगितलं ते खरं आहे. मशीन नवीन आलं, मी चित्र बघायचो तर सगळं धुक्यात. मला वाटलं मशीनमध्येच खोट आहे. एक पायरी वर नेली, अजून एक नेली, तरी धुकं तेच. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. तेव्हा कुणी ओरडलं असतं तर थांबलो असतो. पण डॉक्टर म्हणाले की वा, चित्रं काय सुरेख येतात. मग तेच आकडे तक्त्यात लिहिले आणि खाली सही केली. आंधळ्याने लिहिलेलं डोळस माणसांनी अकरा वर्षं वाचलं.

इथपर्यंत वहिनीला माहीत आहे. पुढचं तिलाही नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी तुम्हाला भेटायला खात्यात आलो होतो. तुला आठवत असेल. तू मला कन्सोलजवळच्या स्टुलावर बसवलंस आणि चहा मागवलास. समोर एका लहान मुलाच्या छातीचं चित्र होतं. कोपऱ्यात तो आकडा. मला इतकं लख्ख दिसत होतं की त्या मुलाच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. आकडा पाहिला, भिंतीवरचा तक्ता पाहिला, आणि मला सगळं कळलं. प्रबंध न लिहिता, पाण्याचा डबा न भरता, एका घोटात. मी चहा संपवला, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी आलो.

त्याला आठ वर्षं झाली. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. दर महिन्याला ठरवायचो की लिहू, आणि दर महिन्याला वाटायचं की आता इतक्या उशिरा लिहिलं तर इतके दिवस का नाही लिहिलंस असं विचारतील. तक्ता काढून टाक असं तुला सहज म्हणून लिहिलं, ते सहज नव्हतं. दिसत नव्हतं तेव्हा झालेली चूक मी अजून सोसू शकतो. दिसायला लागल्यावर गप्प बसलो, त्याची लाज वाटते. ती आजच कागदावर उतरवतो आहे.

तू कारण समजलं नाही असं लिहिलंस ते माझ्यासाठी. पण तेवढंच खोटं तुझ्या चौऱ्याऐंशी पानांत आहे आणि ते माझ्यामुळे आहे. तू काय करावंस हे मी सांगत नाही. तो हक्क मी घालवला. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर एवढंच आहे.

तुझा,
दादा

•

ता. १२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी मधली दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते वहिनीने वाचू नये असं होतं.

एप्रिलमधलं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेले आणि प्रबंध परत मागितला. मार्गदर्शक बाईंनी बजावलं की परत घेतलास तर हे सत्र गेलं, पुढची परीक्षा नोव्हेंबरात. मी म्हटलं चालेल. तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यावर तेव्हा मी इतकी चिडले होते की तुझ्यासाठी मी ग्लासभर पाणीसुद्धा आणलं नसतं. चुकलास म्हणून नाही चिडले. कुणीही चुकलं असतं. समोर बसून चहा पिऊन गेलास आणि त्यानंतर आठ वर्षं मी त्या मुलांना त्याच आकड्यावर ठेवत राहिले, म्हणून चिडले. हात माझे होते दादा.

कारणाचं प्रकरण नव्याने लिहिलं, दीड पान झालं. विद्यापीठाच्या नियमाने कुणाचं नाव घालता येत नाही, त्यामुळे तू त्यात तत्कालीन प्रमुख तंत्रज्ञ आहेस. सूचना दोन केल्या. आकडे ठरवणाऱ्यांचे डोळे दरवर्षी तपासावेत आणि तक्त्यावर दोन सह्या असाव्यात. हॉस्पिटलने दोन्ही मान्य केल्या. पहिल्याच तपासणीत रिपोर्टवाल्या डॉक्टरांचा चष्मा बदलला, ते आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की हे कारण तुम्हाला कुठून कळलं. मी सांगितलं की त्या माणसानेच लिहून कळवलं. त्यांनी विचारलं की अशी माणसं सापडतात कुठे. मी म्हटलं घरात. काल निकाल लागला, नोव्हेंबरच्या परीक्षेत दुसरी. किरणोपचारवाले काका जूनमध्येच पास होऊन गेले, नाहीतर तिसरी असते.

खुर्ची मिळाली नाही. जूनमध्ये माझ्या हातात पदवी नव्हती, पदवीवालीकडे होती. नियम तो नियम. तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं, दोन दिवस ती खुर्चीवर बसेना. शेवटी मीच डाव्या हाताचा स्क्रू आवळून दिला आणि बस म्हटलं. घरी येऊन रडले. ह्यांनी स्वयंपाक केला, तो खाण्यासारखा नव्हता, पण खाल्ला. तिने पहिली सही नव्या तक्त्यावर केली, दुसरी माझी आहे. मुलांचा आकडा निम्म्यावर आलाय आणि चित्रं स्वच्छ येतात.

राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुष्कळसा गेला, थोडा आहे. वहिनीला सांग, इथे तुला कुणी हसलं नाही.

लोभ कमी झाला नाही, एवढं नक्की समज.

तुझी,
ठकी

•

ता. २३ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसरी आलीस. आपल्या घराण्यात इतका वरचा नंबर पूर्वी कुणाचा आल्याचं ऐकिवात नाही. मी जेमतेम पास होत आलो. तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, तुझ्या रागाचा भागसुद्धा आणि माझ्या चहाचा भागसुद्धा. त्यासाठी तुझ्या पत्राची वाट पाहत होतो म्हण. ती आत जाऊन आली आणि म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे का ते सांगा आता.

तुझी खुर्ची माझ्यामुळे गेली. याची भरपाई माझ्याजवळ नाही, असल्याचा आवही आणत नाही. मला वाईट वाटतं, रोज वाटतं. तू थोडा राग शिल्लक ठेवलास ते योग्य केलंस.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. इतकी वर्षं टाळलं, त्याचं खरं कारण असं की एका डोळ्याने जेवढं दिसलं तेच मला जड झालं होतं. इथल्या डॉक्टरांनी तपासण्यांची यादी दिली. त्यात रक्त, साखर, हृदयाचा आलेख आणि छातीचा फोटो. फोटो इथे चौकातही काढून मिळतो, दहा मिनिटांचं काम. मी इथे काढणार नाही. येत्या सोमवारी वहिनीला घेऊन तिकडे येतो.

तू नाही म्हणालीस तर पदवीवालीकडून काढून घेईन, पण तू काढावास अशी इच्छा आहे. नेहमीच्या पेशंटसारखं रांगेत बसवून नंबरानेच आत घे. इतरांना सांगतेस तसं सांग, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या आणि धरा. मी तुझ्या कन्सोलच्या काचेकडे वळून बघणार नाही आणि आकडा किती लावलास ते विचारणार नाही. तू लावशील तो बरोबर असेल. तू सोड म्हणेपर्यंत मी श्वास धरून ठेवीन.

तुझा,
दादा